धुऱ्यावरचा वाटा

बाटलीत वाढवला की हा जंतू गरीब गाय. माणसाच्या पेशीत शिरला की मात्र त्याचे खरे रंग दिसत. तेच पाहायला दीपाली चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत बसली होती: आत शिरल्यावर त्याची कोणती जनुकं चालू होतात, कोणती बंद. जंतू काही परका नव्हता. धानोऱ्याजवळ भातशेताच्या बांधीत रोवणी करताना चिखलातून तो तिच्या आईच्या, मनकर्णाबाईच्या, पायातल्या जखमेत शिरला होता. तिच्याच पुवातून त्याला वाढवलं होतं.

आज पेशींना औषध अर्धवट देऊन पाहिलं होतं. जंतू निदान अर्धे तरी मरतील, असं दीपालीला वाटलेलं. मरतात कुठले! त्यांनी वाढीची जनुकं बंद केली आणि दडून बसायची चालू केली. पेशी वरून धडधाकट, आत हे चिडीचूप. महिन्यांनी उठतील, नाहीतर वर्षांनी.

 आईचा ताप कधीच उतरला होता, पण त्याच औषधाच्या गोळ्या दिवाळीपर्यंत घ्यायच्या होत्या. तिनं फोन लावला.

"आई, गोळ्या घेऊन राह्यली ना?"

"त्या तं कवाच्याच संपल्या."

"संपल्या? दिवाळीपर्यंत पुरणार होत्या त्या!"

"मी एकटी कशी खाऊ वो?" आई हसली. "शकुबाईले ताप, वारलूच्या बायकोले ताप. देल्ल्या वाटून. लय गुणाच्या हायेत तुह्या गोळ्या. साऱ्या उठल्या."

रोवणीच्या टोळीत एकटीनं खायची रीतच नव्हती. मिरचीचा ठेचा असो की मोहाचा लाडू, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर शिदोरी सुटली की सगळ्यांना सारखा वाटा. दीपाली त्याच वाट्यावर वाढलेली. गोळ्यांचा डबा आईच्या हाती देताना हे आपल्याला सुचू नये, याचा तिला भयंकर राग आला. सगळ्या त्याच बांधीत, त्याच चिखलात अनवाणी उतरलेल्या.

"घे, शकुबाई इथीच हाय," आई म्हणाली.

"दीपाली, लय भलं होईन तुह्यं," शकुबाईचा खणखणीत आवाज आला. "ताप कुठच्या कुठी गेला पाह्य!"

तो कुठं गेला ते दीपालीला समोर पडद्यावर दिसत होतं.

"काकू, ज्यांनी ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्या साऱ्याईले घरी थांबव. मी गाडी घेऊन येऊन राह्यली. दवाखान्यात जायचं हाय."

"काऊन वो?" शकुबाई म्हणाली. "आमाले तं काईच नाई झालं."

मागे बायका हसत होत्या.