सोळा तारखेची सुई

"आज सुई नको, ताई. आज सोळा तारीख आहे," बुनहोम म्हणाला आणि जिन्याचा कठडा घट्ट धरून बसला.

खाम्पेंगने मोटारसायकल चालूच ठेवली होती. महिन्याची सुई आणि लॉटरीची सोडत एकाच दिवशी आली, की भाऊ असा अडून बसायचा. सोडत दुपारी; त्याआधी आईने आकडा सांगायला हवा. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण बुनहोमच्या कानात ती रोज बोलायची. सुया वेळेवर घेतल्या, की तिचा आवाज विरत जायचा.

गावाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर चार बायका सकाळपासून अंगणात ठाण मांडून होत्या. शेजारच्या सोमजित मावशीने लाल सरबताची बाटली उघडून, नळी घालून त्याच्यापुढे ठेवली होती. घराच्या राखणदाराच्या देवळीपुढे नैवेद्य म्हणून ठेवतात, अगदी तशी.

"मावशी, उचला ती बाटली. जिवंत माणूस आहे तो!"

"अगं, चिडतेस काय? तहान लागली असेल त्याला. होम बाळा, आई काय म्हणतेय? शेवटचे दोनच आकडे सांग."

"सुई काय, उद्या टोचता येईल," दुसरी म्हणाली. "एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

गेल्या वर्षी त्या एका दिवसाचे सुईविना तीन महिने झाले होते. आकडा गाड्यांवर लिहिलाय, असं आई म्हणाली, म्हणून बुनहोम हमरस्त्याच्या मधोमध उभा राहून ट्रकच्या पाट्या वाचत होता. एका गाडीने त्याला उडवलं, मांडीचं हाड मोडलं. त्या गाडीचा नंबर अर्ध्या गावाने लावला आणि सोमजित मावशीला तो लागलासुद्धा. मावशी दवाखान्यात केळी घेऊन आली होती. खाम्पेंगने त्या केळ्यांना हात लावला नाही.

"आजार एक नाही, दोन आहेत," नर्सबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "आवाज औषधानं कमी होतील. तिकिटांचा नाद वेगळा. त्याला वेगळे उपचार, आणि वेळ लागेल."

तो नाद केवढा, हे खाम्पेंगला कोणी सांगायला नको होतं. तिकिटांपायी आईचा हातमाग विकून, बुनहोम रडत रडत तिलाच सांगायला आला होता.

तिने मोटारसायकल बंद केली आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"होम, मला त्या रस्त्याची भीती वाटते रे. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

"आई रागावेल."

"तिला सांग, ताईनं ओढत नेलं."

त्याने कठडा सोडला. तिने मोटारसायकल पुन्हा चालू केली, तसा तो लंगडत येऊन मागे बसला आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवले.

"घालवला सोन्यासारखा दिवस," मावशी पुटपुटली.

पुढच्या सोडतीला अंगणात कोणी फिरकलं नाही. बुनहोमने स्वतःच लाल सरबत आणून आईच्या फोटोपुढे ठेवलं, नळी घातली आणि कान देऊन बसला. खिशातून तिकिटाचा कोपरा डोकावत होता. खाम्पेंगने तो पाहिला आणि तसाच राहू दिला.

"ताई, आई माझ्याशी बोलेनाशी झालीय. तुझ्याशी बोलली का?"

आपणच भावाकडून त्याची आई हिरावून घेतली, असं खाम्पेंगला वाटलं. आजवर ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

"बोलली."

"काय? किती म्हणाली?"

"आकडा नाही सांगितला. म्हणाली, होम जेवला का?"

बुनहोम फोटोकडे बघत राहिला.

"मला तिनं असं कधीच विचारलं नाही," तो हळूच म्हणाला. "नुसते आकडेच सांगायची."

खाम्पेंगने चिकट भाताची टोपली त्याच्यापुढे सरकवली. त्याने बोटांनी एक घास दाबून गोल केला आणि तोंडात घातला. डोळ्यांतून धार लागली होती. ती न पुसता त्याने दुसरा घास घेतला.