खालच्या कप्प्यातला मध

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. माझा निळा रंग उडाला आहे, कोपऱ्याला चीर गेली आहे, पण अंगात धग अजून आहे. आज मी संतापले आहे आणि हा राग काही मी गिळणार नाही.

दूर डोंगरातल्या अतबाशीच्या खोऱ्यात सुवानकुल आजोबांनी मला पॉपलरच्या हलक्या फळ्यांपासून घडवलं. खिळे ठोकता ठोकता ते बायकोला म्हणाले होते (तिचं नाव बुरुलचा, पण सगळे तिला आपा म्हणतात), "वरचा कप्पा आपला, खालचा माश्यांचा." तोच माझा कायदा झाला. उन्हाळ्यात ट्रकवर चढून मी वरच्या कुरणात जायची. फुलं कुठे आहेत ते माश्या पोळ्यावर नाचून एकमेकींना सांगायच्या. मध व्हायचा पांढराशुभ्र, लोण्यासारखा घट्ट. गावचा खोगीर शिवणारा जिनगर दोरा मजबूत व्हावा म्हणून माझ्या मेणातून ओढायचा. घसा धरला की माणसं माश्यांनी माझ्या फटींत भरलेली राळ चघळायची. माझं कौतुक इतकं व्हायचं की दृष्ट लागावी, आणि लागलीच.

एका हिवाळ्यात आजोबा गेले. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी आपा गुडघा दाखवायला नारिन शहरातल्या दवाखान्यात गेली आणि मी तिच्या जावयाच्या, केंजेबेकच्या, ताब्यात आले. शहरातलं गिऱ्हाईक पांढऱ्या मधाला नाक मुरडतं, त्यात साखर आहे म्हणतं. म्हणून या शहाण्याने मटणाच्या कढईत मध उकळून पिवळा केला! तेवढ्याने भागेना, तेव्हा खालचा कप्पाही खरवडला. माश्यांना साखरेचं पाणी पाजू म्हणाला, आणि तेही विसरला. माश्यांनी त्याचं नाक सुजवलं. बरं केलं!

पहिला बर्फ पडला तेव्हा आपा लंगडत परतली. मला हिवाळ्यासाठी तळघरात ठेवलं होतं. तिने कान लावून बोटाने टकटक केलं. पोट भरलेलं घर एकदाच गुणगुणतं आणि गप्प होतं. आमचा आवाज मात्र लांबतच गेला, रडल्यासारखा.

"केंजेबेक! खालच्या कप्प्याला हात लावलास?"

"आपा, माश्याच तर आहेत. तुम्ही उगीच जिवाला लावून घेता."

"अरे, हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या तोंडचा घास काढलास!"

"मग परत देतो की. पिंपभर पडलाय."

"उकळलेला? तो खाल्ला तर मरतील त्या. त्यांचाच मध त्यांच्या कामाचा ठेवला नाहीस. शाबास, जावईबापू!"

आपा तशीच लंगडत वर गेली. मग घरातून एक लाकडी बुधला घेऊन आली. आजोबांनी स्वतःच्या हाताने काढलेला शेवटचा मध त्यात होता. त्यांना जाऊन वर्ष होईल, त्या दिवशीच्या जेवणाला प्रत्येक पाहुण्याने तो चाखावा, म्हणून तिने तो जपला होता. पण तिने तो सगळा फडक्यात गुंडाळून माझ्या चौकटींवर ठेवला.

"ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं," ती म्हणाली आणि झाकण लावलं.

वर्षाच्या जेवणाला दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, पिवळा मध आला. आजोबांच्या जुन्या मित्राने त्यात भाकरी बुडवली, चाखली आणि तुकडा खाली ठेवला.

"अगं बुरुलचा, हा सुवानकुलचा हात नव्हे."

"नाही. हा माझ्या जावयाचा हात."

केंजेबेक मान खाली घालून चहा ओतत राहिला.

वसंतात माझ्या दारातून माश्या बाहेर पडल्या. थोड्याच होत्या, पण राणी जिवंत होती. आता केंजेबेक झाकण उचलण्याआधी टकटक करून कान लावतो. माझं उत्तर त्याला अजून कळत नाही, पण तो थांबतो तरी.

मित्रांनो, मध खुशाल खा. मेण घ्या, राळ घ्या. पण जे दुसऱ्याने आपल्या हिवाळ्यासाठी साठवलं आहे, त्याला हात लावू नका. मी पुन्हा भरेन, बुधलाही भरेल. पण आजोबांच्या हाताने काढलेला मध आता कुणालाच चाखता येणार नाही.