फणसगाळीची हिरवी रेघ

माझं बटण आत रुतलंय आणि काचेवर आडवी भेग पडलीय. तरी जमेल तेवढं बोलतो. मी रामनगरच्या वासूचा मोबाईल. त्याच्या जीपमध्ये समोरच्या काचेला चिकटून मी रस्ता दाखवत असे. आता मी तांदळाच्या डब्यात असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. बेळगावच्या दुकानातला काचेचा खण आठवतो, आणि मला प्रथम उचलणारा वासूचा डिझेलचा वास येणारा अंगठा. तो कॅसलरॉकला रेल्वेतून उतरणाऱ्या पाहुण्यांना गणेशगुडीच्या नदीवर न्यायचा. त्याला स्वतःला रस्ता विचारायची गरज नव्हती. पण पाहुण्यांना काचेवर नकाशा हलताना दिसला की धीर यायचा, म्हणून मी.

माझ्यात रस्ता सांगणारी दोन ॲप होती. एक माझ्याबरोबरच आलं होतं. ते बाईच्या आवाजात हिंदी बोलायचं, पुढची गर्दी सांगायचं, चुकलं की लगेच नवी वाट काढायचं. वासू तिला ‘मॅडम’ म्हणायचा. पण रेंज गेलेल्या ठिकाणी मॅडमला नवी वाट विचारली, तर ती नुसतं चक्र फिरवत बसायची. म्हणून वासूच्या मुलीनं, नववीतल्या मयूरीनं, दुसरं ॲप घातलं. त्याला रेंज लागत नसे, अख्खा तालुका ते माझ्या पोटात साठवून ठेवायचं. बोलायचं मात्र नाही, नुसती हिरवी रेघ काढायचं. त्याला नाव पडलं ‘मुकाबा’.

पाहुणे या दोघांवरून भांडायचे. एकदा पुण्याचे एक काका म्हणाले, “मॅडमशिवाय मी गाडीच काढत नाही.”

“घरातल्या की फोनमधल्या?” त्यांच्या बायकोनं विचारलं.

वासू हसून म्हणाला, “सायेब, मॅडम शानी हाय, पर रानाला भिती. मुकाबा अडाणी हाय, पर सोडून जात न्हाई. म्हणून रेंज हाय तवर मॅडम, रेंज गेली की मुकाबा.”

सगळ्यांना हा नियम आवडायचा. पण दोघांत एक खोट सारखीच होती. दोघांपैकी कुणालाही डोळे नव्हते. कुणीतरी सांगितलेली वाट ते पुढच्याला सांगत होते.

वासूची आई बायजा. तिचं गाव फणसगाळी. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि माणसं रामनगरला येऊन राहिली. तरी मे महिन्यात पाणी उतरलं की जुना रस्ता चिखलातून वर येतो. मग ती माणसं नारळ घेऊन गावच्या देवाला भेटायला जातात. देव म्हणजे एक काळा दगड. बायका त्याच्या अंगावरचा गाळ धुतात, पुरुष नारळ फोडतात, आणि सगळे आपापल्या घराच्या जागेवर बसून भाकरी खातात. तिथं भिंत नसते, चूल नसते. तरी कुणी दुसऱ्याच्या जागेत बसत नाही; कोणाचं घर कुठं, हे बायजा सांगायची.

गेल्या मे महिन्यात मीही गेलो. बायजा पुढं चालत बोट दाखवायची आणि मयूरी माझ्यावर खूण करायची. “हितं आमची ढोरं. हितं विहीर. हितं शेवंतीची जाव राहायची, लई भांडकुदळ.”

मुकाबाच्या नकाशात कुणालाही रस्ता घालता येतो. मयूरीनं जुना रस्ता काढला, गावाचं नाव लिहिलं. तेव्हा मुकाबानं काचेवर अक्षरांत विचारलं, रस्ता बारमाही की फक्त उन्हाळी?

“आज्जी, उन्हाळी लिवते,” मयूरी म्हणाली.

बायजानं तिचा हात धरला. “उन्हाळी गाव असतंय व्हय? आमी काय पिकनिकला राहात हुतो? बारमाही लिव.”

“पण पावसात पाणी असतंय न्हवं?”

“पाणी आता आलंय. गाव आदीपासनं हाय. लिव.”

मयूरीनं बारमाही लिहिलं. त्या दोघींचे चेहरे माझ्या काचेत एकदम दिसत होते. बायजा रडत नव्हती, कुणावर तरी कुरघोडी केल्यासारखी हसत होती. थोड्या दिवसांनी माझ्या पोटातला नकाशा ताजा झाला, आणि फणसगाळीतून आरपार जाणारी हिरवी वाट सगळ्या जगासाठी खुली झाली.

पावसाळा आला. बायजा दिग्गीला लेकीकडं, फुलाकडं, राहायला गेली होती. तिथं तिला ताप भरला आणि छातीत कफ दाटला. शेजारच्या एका पोरानं डोंगरावर चढून, रेंज धरून फोन केला, “आज्जीला श्वास पुरंना, गाडी धाडा.” वासूचा पाय प्लास्टरात होता. त्याचा मेव्हणा योगेश खानापूरहून आला होता, त्याच्या हातात त्यानं किल्ली दिली. “रेंज हाय तवर मॅडम,” वासू म्हणाला, “पुढं मुकाबा.”

“कळलं, दाजी,” योगेश म्हणाला.

जाताना काही बिघडलं नाही. मॅडमनं रामनगरलाच वाट ठरवून घेतली होती. परतताना दिग्गीत ती गप्प झाली. योगेशनं मुकाबाला दवाखान्याची वाट विचारली. मुकाबानं सगळ्यांत जवळची वाट काढली.

मागच्या सीटवर फुलानं आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बायजाचा श्वास भिजल्या वातीसारखा तडतडत होता.

“योगेश, आलास त्या वाटेनं चल की,” फुला म्हणाली.

“अक्का, ही वाट तासभर वाचवती. आज्जीची दशा बघ.”

फुला आईची छाती चोळू लागली. तासभर म्हटल्यावर कोण बोलेल?

धुकं खाली उतरलं होतं, मागच्या सीटवरून वाट ओळखू येत नव्हती. डांबर संपलं, लाल माती लागली. एका शेतात इरलं घेतलेला एक माणूस लावणी करत होता. तो उभा राहिला, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडला. योगेशनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्यावर रेघ सरळ होती.

उतारावर पुढची चाकं घसरली. जीप पाण्यात शिरली आणि बंद पडली. समोर, उजवीकडं, डावीकडं पाणीच होतं. हिरवी रेघ त्याच्या मधून पुढं गेली होती. मी काचेवरून निसटून खाली पडलो. तळाशी पाणी साचत होतं. तिथून मला दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं.

तो शेतातला माणूस धावत आला. त्याचं नाव नागू. “हात करत हुतो न्हवं मी! बघितलासा की मला!”

“लिफ्ट मागताय वाटलं,” योगेश म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

“लिफ्ट? पाण्यात कुठं जानार हुतो मी?”

त्याला मागची सीट दिसली असावी. “बैल आणतो,” म्हणून तो पळाला.

बायजानं तेव्हा डोळे उघडले असावेत. फुलानं तिला काचेजवळ बसतं केलं असावं. बायजा हळूच म्हणाली, “आलो व्हय गं?”

“आई, दवाखान्याला चाललोय.”

“दवाखाना कशाला? त्यो बघ फणस.”

तिथं फणस नव्हता. पावसाचा आवाज होता आणि फुलाच्या हाका होत्या. नागू बैल घेऊन आला तोवर त्या हाका थांबल्या होत्या.

कुणी मयूरीला बोल लावला नाही. वासूनं एवढंच म्हटलं, “ती वाट पुसून टाक, पोरी. अजून कुणाची तरी गाडी जाईल.” तिनं आईच्या मोबाईलवरून वाट पुसली. गावाचं नाव पुसायला मात्र तिचं बोट धजलं नाही. जगाच्या नकाशात आता निळ्या पाण्यावर नुसतं ‘फणसगाळी’ तरंगतं. तिकडं वाट जात नाही.

मला सुकवायला तिनं तांदळात ठेवलं. नंतर बाजारातल्या रोहनकडं नेलं. तो म्हणाला, “फॉरमॅट मारला तर चालंल. पण आतलं सगळं जानार बघ.” मयूरीनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. विहीर, ढोरं, शेवंतीची जाव, बायजानं दाखवलेली प्रत्येक जागा फक्त माझ्यात आहे. ती वाटही माझ्यात आहे, अजून बारमाही.

मॅडम बरी की मुकाबा, हे तुम्ही खुशाल ठरवा. दोघांनाही पाणी दिसत नाही, एवढं लक्षात असू द्या. शेतातून कुणी हात वर केला तर गाडी थांबवा. त्याला काही मागायचं नसेल, सांगायचं असेल.

मे महिन्यात पाणी उतरेल. सगळी नारळ घेऊन जातील आणि भाकरी सोडायच्या आधी उभी राहतील. कोणाचं घर कुठं, हे सांगणारी आता नाही. तेव्हा मयूरी मला डब्यातून काढेल, बटण टोकरेल. मी तिला पायी नेईन. तोवर माझी एकच विनवणी आहे: मला दुरुस्त करू नका, आणि पुन्हा कुठल्या गाडीच्या काचेला लावू नका.