दाजींनी हवा मारलेला कॉम्प्युटर

ड्रॉइंग उघडायला लावलं, चहा ठेवला, चहा उतू गेला, गॅस पुसला, तरी स्क्रीनवरचा तो निळा गोल आपला फिरूनच राह्यला. सोमवारची गोष्ट. शनिवारपर्यंत हाच कॉम्प्युटर तीन मजल्यांची बिल्डिंग एका झटक्यात उघडत होता. मला वाटलं, ऊन लई हाये, तापला असंल. कूलर त्याच्याकडं वळवला अन् मी घामात बसले.

मी तृप्ती. वाटूरला घरी बसून पुण्याच्या एका ऑफिसला घरांचे नकाशे काढून देते. देत होते म्हणा. महिनाभराची ट्रायल होती अन् शेवटचं ड्रॉइंग शनिवारी सहाच्या आत पाठवायचं होतं. ते गेलं की नोकरी पक्की. नोकरी पक्की झाली तर अण्णा, म्हणजे माझे वडील, मंठ्याच्या स्थळाला दोन वर्षं थांबा म्हणून सांगणार होते. न्हाई झाली तर रविवारी ती माणसं मला बघायला येणार. असं आमचं बापलेकीचं देवापुढं बसून ठरलं होतं. म्हणजे माझी सगळी जिंदगी त्या डबड्यात अडकली होती, अन् डबडं जांभया देऊन राह्यलं होतं.

काय काय न्हाई केलं! नको त्या फायली उडवल्या. साधनाताईच्या लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये टाकले. अँटिव्हायरस चालवला तर तो स्वतःच अडकला. मंग दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे ताईचा नवरा, हरिओम. घनसावंगीला त्यांचं फॉर्म भरायचं अन् झेरॉक्सचं दुकान हाये, कॉम्प्युटरमधलं बराबर कळतं त्यांना. आदल्या दिवशीच तर धोंड्याच्या जेवणाला आल्ते. "तू कायतरी फालतू डाउनलोड केलं असंल," दाजी म्हणाले. "पोरींच्या हातात मशीन दिलं की असंच होतं." मी वर सॉरी म्हणाले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अण्णा रोज दारात येऊन विचारायचे, "चालू झाला का?"

"चालू होतो अण्णा, पण कामच करत न्हाई."

"मंग दमानं घे थोडं. एवढी काय घाई?"

मला वाटायचं, बापाला काळजी हाये. इकडं एक रेघ ओढली की ती दिसेपर्यंत जीव जायचा. एक जिना काढायला सबंध बुधवार गेला.

गुरुवारी राजानंदला फोन केला. पॉलिटेक्निकला माझ्या वर्गात होता, आता जालन्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर बघतो. त्यानं विचारलं, "रॅम किती दाखवून राह्यला?" मी बघितलं. चार. "चार कशी? सोळा होती. मीच तर बसवून दिल्ती." रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. वीतभर ओट्यावर पन्नास माणसांचा स्वयंपाक करायचा म्हटलं तर बाई काय करणार? राजानंदनं मला आकडा पुन्हा वाचायला लावला. मंग म्हणाला, "तृप्ती, डबा कुणी उघडला होता का?"

उघडला होता. रविवारी. जेवणं झाल्यावर आई अन् ताई आत आवरत होत्या, अन् दाजी म्हणाले, धूळ लई साचली, हवा मारून देतो. पेचकस मीच आणून दिला. पंखा त्यांच्याकडं मीच वळवला. तेवढ्यात आईनं मला अनारसे मोजायला बोलावलं. जावयाच्या वाणाला तेहतीस लागतात, एक कमी पडून चालत न्हाई.

मी पेच काढले. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या तिथं एकच निघाली, कळकटलेली, भलत्याच कंपनीची. दुसरी जागा रिकामी. ती पट्टी उपसून मी बाहेर आले.

अण्णा बाहेर बाजेवर बसले होते. मी ती पट्टी त्यांच्यासमोर धरली. "अण्णा, तुमचा जावई चोर हाये. माझ्या पट्ट्या काढून नेल्या अन् दुकानातलं भंगार घालून गेला."

"हळू बोल."

"का हळू? ताईला आत्ताच फोन लावते."

"तृप्ते, खाली बस." अण्णा माझ्याकडं बघंनात. "चोरी न्हाई केली त्यानं. मला इचारून नेलं."

मला आधी कळलंच न्हाई ते काय बोलून राह्यले.

"जेवताना मागितलं त्यानं. म्हणाला, दुकानातला कॉम्प्युटर लई हळू चालतो, गिऱ्हाईक परत जातं. तृप्तीच्या डब्यातल्या पट्ट्या मिळाल्या तर बरं होईल. ताटावर बसलेला जावई, त्यात धोंड्याचा महिना. न्हाई कसं म्हणू? मला वाटलं, तुझा चालू तर राहील."

"अन् मला सांगायचं न्हाई? चार दिवस मी मरून राह्यले, अन् तुम्ही रोज येऊन विचारता चालू झाला का!"

"सांगितलं असतं तर तू त्याच्यापुढं तमाशा केला असता. साधनाला तिथं नांदायचं हाये." जरा थांबून, मला समजावल्यासारखं म्हणाले, "अन् तू तरी किती दिवस वापरणार? लग्न झालं की तो डबा सासरीच जाणार तुझ्या. आपल्या जावयाच्या कामी आला तर काय बिघडलं?"

काय बिघडलं! दोन वर्षं उन्हातान्हात सर्व्हेचा टेप धरून गावोगाव फिरले, तेव्हा तो कॉम्प्युटर घरात आला. "द्यायचं होतं तर तुमचं द्यायचं," मी ओरडले, "माझं देणारे तुम्ही कोण?" आई दारात येऊन उभी राह्यली. तिची मान खाली होती. तिलाही ठाऊक होतं.

परतूरची दोन दुकानं पालथी घातली, त्या मापाची पट्टी न्हाई मिळाली. राजानंदनं एसटीच्या कंडक्टरकडं पाठवली, ती शनिवारी दुपारी चारला आली. बसवली. कॉम्प्युटर पहिल्यासारखा पळायला लागला, पण दोन मजले बाकी होते अन् हातात दोन तास. मी पाणीसुद्धा न पिता बसले. सहाला एक मजला तसाच राह्यला होता.

सव्वासहाला पुण्याहून अक्षता मॅडमचा फोन आला. "तृप्ती, ड्रॉइंग कुठंय?"

खरं अगदी ओठावर आलं होतं. अन् मी म्हणाले, "मॅडम, गावात लाईट नव्हती."

"आठवडाभर?"

"हो मॅडम."

"गावाकडच्या मुलींचं दर वेळी हेच असतं. मी साहेबांशी भांडून तुम्हाला घेतलं होतं. असो. इथंच थांबू आपण." फोन बंद झाला.

बापाला तोंडावर बोलताना माझी जीभ कुठं अडली न्हाई. पण माझ्याच बापानं माझी वस्तू उचलून जावयाला दिली, हे परक्या बाईपुढं तोंडातून निघंना. लाज वाटली मला. करायचं यांनी अन् लाज मला!

मागं वळले तर अण्णा दारात उभे. सगळं ऐकलं होतं त्यांनी. जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं न्हाई सांगत.

"शहाणी हाये माझी लेक," म्हणाले. "घरातलं घरात ठेवलं."

मंग आईला हाक मारून म्हणाले, "उद्या अकराला येतील मंठ्याची माणसं. पोह्याचं सामान बघून ठेव."