भोगीची भाकरी आणि चरबीचे फुगे

ठमाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. गरजच पडली नव्हती. निफाडजवळच्या त्या मळ्यात चाळीस वर्षं बाईंचाच शब्द चालला, आणि जिचा शब्द चालतो तिला खोटं कशाला लागतंय? पण २००६ साल उजाडलं आणि साठीच्या उंबऱ्यावर बाई खोटं बोलायला शिकल्या. शिकल्या त्या शिकल्या, आणि ते खोटं कुणाशी? थेट कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंशी!

झालं होतं असं. दोन वर्षांमागे बाईंच्या अंडाशयात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली. केस गेले, चव गेली, फोडणीचा वास आला तरी उलटी. त्यातूनही बाई उठल्या. केस परत आले ते चांगले कुरळे आले. त्यांचे मालक देवराम म्हणायचे, "दुसरं लगीन केल्यागत वाटतंय मला." बाई लटक्या रागानं लाटणं उगारायच्या. आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर गाठ पुन्हा उगवली.

"ते औषध पुन्यांदा नाय," बाईंनी नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर हात आपटून सांगितलं. "मेले तरी चालंल."

डॉक्टर छाया शिरोडे वयानं लहान, पण पक्क्या. त्या म्हणाल्या, "ते नाही देत. हे वेगळं आहे. औषध चरबीच्या बारीक फुग्यांत भरलेलं असतं. किती बारीक? तुमच्या एका केसाच्या जाडीत शेकड्यानं फुगे मावतील. नॅनो म्हणतात त्याला. गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, फटीफटींच्या. फुगे रक्तातून फिरत फिरत त्या फटींतून उतरतात आणि तिथं औषध सोडतात. बाकीच्या अंगाला त्रास कमी. केससुद्धा बहुतेक राहतील."

बाईंनी डोळे बारीक केले. मळ्यात त्या दिवसांत बायका हातात मग घेऊन द्राक्षाचा एकेक घड मणी फुगवायच्या औषधात बुडवत होत्या. "म्हंजे सगळ्या बागेवर फवारा मारायचा नाय," बाई म्हणाल्या. "नेमका घड मगात बुडवायचा."

"अगदी बरोबर! फक्त थोडं औषध वाटेत झिरपतं. तळहातात आणि तळपायात."

"मगातूनबी सांडतं की. पुढं बोला."

पुढं डॉक्टरांनी अटी सांगितल्या. दर चार आठवड्यांनी एक, असे सहा डोस. हातपाय गरम पाण्यात घालायचे नाहीत, काही चोळायचं, रगडायचं नाही, टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत. "नाहीतर हात सोलतात. आणि हात सोलले की मला औषध थांबवावं लागेल. गाठ कायमची जाईल असं मी म्हणत नाही, पण हे लागू पडलं तर चांगले दिवस मिळतील. ते थांबलं तर तुम्हाला झेपेल असं माझ्याकडे दुसरं काही नाही."

बाईंनी देवरामांकडे पाहून मान डोलावली. कबूल म्हणजे कबूल.

आता बाजरीची भाकरी कशी होते ते ठाऊक आहे ना? पीठ कढत पाण्यात भिजवायचं, तळहातानं जीव खाऊन रगडायचं, मग थापायचं. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलेलं सगळं एका परातीत!

पहिल्या डोसनंतर परात सुनेकडे गेली. मीना पोर गुणाची, पण नाशिक शहरात वाढलेली, हात चपातीला बसलेला. तिनं भाकरी पोळपाटावर लाटली. देवरामांनी ती ताटात फिरवून पाहिली, उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "हा कुठला नकाशा म्हणायचा?" ताट सरकवून दूधभात मागितला. मीना हिरमुसली. ठमाबाईंना मात्र, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सकाळी त्या अंथरुणात पडून ऐकत होत्या. घरात भांडी वाजत होती, चहा होत होता, गुरांना चारा पडत होता, सगळं त्यांच्यावाचून चाललं होतं. आज परात गेली, उद्या कोठीच्या किल्ल्या जातील, परवा आपण भिंतीवर, हार घालून. नाही, त्यांना मरणाचं भय नव्हतं एवढं. जिवंतपणी घरातून पुसलं जायचं भय होतं.

दुसऱ्या डोसनंतर आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग देवराम बागेत गेलेले पाहून त्यांनी मीनाला जवळ घेतलं.

"हे बघ पोरी, भाकरी मी थापते. तू वाढ. म्हणायचं, मी केली."

"आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"डॉक्टरला काय बाजरी कळती? अन् तुझं नाव होईल की येडे!"

दुपारी देवरामांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "अगं, सून शिकली बरं! काय पदर सुटलाय भाकरीला! ठमे, तुलासुदीक आशी जमली नसती."

मीना पदराआड हसत होती. आपल्याच भाकरीवरून आपल्यालाच बोल लावून घ्यायची ही वेळ! रोज हेच. "सुनेच्या हाताला चव हाय," म्हणत मालक तीन-तीन भाकरी हाणायचे आणि बाई आतल्या आत धुमसायच्या. पण थापणं काही सुटेना.

जानेवारीत तिसरा डोस झाला आणि चौथ्या दिवशी भोगी आली. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघरी होते, आणि ठमाबाईंची भोगीची भाकरी वस्तीवरच्या साऱ्या घरांना माहीत. बाईंनी पहाटेच एकवीस थापल्या. संध्याकाळी तळहात लाल झाले, तळपायही. दोन दिवसांत आग होऊ लागली. आठवड्यात बोटांच्या पेरांवर फोड आले. फोड आले तरी बाई थापतच होत्या, फक्त थापताना ओठ चावत होत्या.

फेब्रुवारीत चौथ्या डोसची तारीख आली. आदल्या दिवशी बाईंनी हात उजेडात धरून पाहिले. हे हात पाहिले तर डॉक्टरीणबाई औषध थांबवणार. मग पोटातली गाठ काय वाट बघत बसणार आहे? मग त्यांनी मीनाला हाक मारली. "मेंदीचा कोन हाय का गं तुझ्याकडं?"

तळहातावर मेंदी. बोटांवर मेंदी. तळपायांवर मेंदी. इतकी गच्च की खालची कातडी कुठली आणि रंग कुठला, ब्रह्मदेवाला कळू नये.

डॉक्टर शिरोडे बघतच राहिल्या. "अरे वा! कसली मेंदी?"

"रथसप्तमीचं हळदीकुंकू हुतं," बाई बेधडक म्हणाल्या.

"छान रंगलीय." डॉक्टर उठून जवळ आल्या आणि आपला हात पुढं करत म्हणाल्या, "मलापण काढून द्याल का?" असं म्हणत त्यांनी बाईंचा पंजा हातात घेतला आणि कौतुकानं घट्ट दाबला.

"आई गं!"

झालं, बिंग फुटलं. डॉक्टरांनी चष्मा लावला, मेंदीतून एकेक फोड शोधला, आणि त्यांचा आवाज बदलला. "मेंदीनं आग झाकली तरी जात नाही. रक्ताचा रिपोर्ट बघा, गाठीचा आकडा निम्म्यावर आलाय. गाठ दबतेय! आणि तुम्ही हे हात करून ठेवलेत? आज डोस नाही. दोन आठवडे थांबायचं. तोवर हात बरे झाले नाहीत तर औषध बंद. कसली कामं केलीत?"

देवराम म्हणाले, "कामं कुठली? भाकरीसुदीक सूनच करती."

आणि मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. एकवीस तिळाच्या भाकरी, भाकरीला सुटलेले पदर, सुनेच्या हाताची चव, सगळं त्या माणसाच्या डोक्यात एका दमात उतरलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्या खाल्ल्या," ते डॉक्टरांना म्हणाले. "समद्या म्याच खाल्ल्या."

घरी आल्यावर देवरामांनी हातपाय धुतले, बाह्या सारल्या आणि परात पुढ्यात ओढली.

"अहो, ठेवा ती खाली! लोकं हसतील."

"हसूं दे. पाणी किती?"

"नका ना वो."

"ठमे," देवराम म्हणाले, "तू गेल्यावर भाकरी कशी बी झाली तर नावं कुणाला ठिवू? आं? पाणी किती ते सांग."

बाईंनी डोळे पुसले. मग त्या चुलीपुढं पाटावर बसल्या, हात मांडीवर उताणे टाकले, आणि सांगू लागल्या. सांगू कसल्या, तोंड सोडलं म्हणा! "कढत घ्या, कोमट नाय. रगडा. बायकूचा हात धरल्यागत काय धरताय? रगडा!" पहिली भाकरी तव्यावर जाईस्तोवर दुभंगली. मीनानं वाकून पाहिलं. "मामा, ही निफाड तालुक्यातली का?" दुसरी आणखी लांबली. "ही पार नांदगावला गेली!" देवरामांनी सुनेचा सूड निमूट सोसला. उलथणं मागितलं तर बाई म्हणाल्या, "भाकरी हातानं उलटत्यात," आणि मालकांची बोटं भाजली.

आठवड्याभरात भाकरी गोल झाली. पंधरवड्यात पदर सुटला. आणि किल्ल्या, डबे, वस्तीवरच्या बायकांची ये-जा, सगळं पुन्हा बाईंच्या तोंडावर चालू लागलं. हात न लावता अख्खं घर चालवता येतं, उलट जास्त मोठ्यानं चालवता येतं, हे त्यांना साठीत कळलं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी बाईंचे हात उलटसुलट पाहिले. मेंदी फिकट झालेली, खालची कातडी नवी, मऊ. पायही तसेच.

"चला. डोस देऊ. थोडा कमी देऊ, पण देऊ."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

"भाकरी मग कुणी केली?" डॉक्टरांनी विचारलं.

देवराम खिशात दोन्ही हात घालून खिडकीबाहेर बघत होते. सकाळपासून त्यांनी हात बाहेर काढलेच नव्हते. कंडक्टरला पैसेसुद्धा मीनाकरवी दिले होते.

"दाखवा की हो," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"ठमे..."

"डॉक्टरपासून काय लपवायचं? म्या लपवलं तर काय झालं, बघितलं ना?"

नाइलाज झाला. मिशीवाल्या, साडेपाच फुटी बागायतदारानं दोन्ही तळवे पुढं केले. त्यावर लालभडक मेंदी होती, ऐन मधोमध द्राक्षाचा एक घड काढलेला, आणि पेरांवर भाजल्याचे डाग.

"भाजलेलं थंड पडतं म्हणली ही," देवराम पुटपुटले. "धुतली तर जाईना. व्यापारी बागेत आले तर म्या मुठी आवळून नमस्कार केला."

डॉक्टर छाया शिरोडे खुर्चीतच मटकन बसल्या आणि पोट धरून हसल्या. नर्स हसली, शेजारच्या पलंगावरची बाई हसली. मग सलाइन लागलं. लालसर औषध थेंब थेंब उतरू लागलं. नर्सनं बर्फाच्या दोन पिशव्या आणल्या, औषध चालू असताना तळहात गार ठेवायचे म्हणून. देवरामांनी त्या तिच्या हातातून घेतल्या, बायकोच्या तळव्यांवर ठेवल्या आणि वर आपले मेंदीचे पंजे धरून बसले.

"लय गार लागतंय का?"

"लागतंय. धरा तसंच." बाईंनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "कालच्या भाकरीत पाणी जास्त झालं हुतं. उद्या कमी घाला."