भिंतीकडची बाजू

या, जवळ सरका. मागच्यांनीही पुढं यावं, जागा आहे. आज एका मुरघासाच्या खड्ड्याची गोष्ट सांगायची आहे. ती गोड लागली नाही तर रागावू नका. देवानं जिभेला कडू चव दिली, ती काही उगाच नाही.

एका घरामागं गोठा होता आणि गोठ्यामागं सिमेंटच्या भिंतींचा खड्डा. कणसं खुडून झाली की मक्याची ताटं ओली असतानाच कापायची, कुट्टी करायची, मीठ नि उसाच्या मळीचं पाणी शिंपडून थरावर थर खड्ड्यात टाकायचे आणि तुडवायचे. इतके तुडवायचे की वाऱ्याला आत बसायला जागा उरू नये. वर जाड प्लॅस्टिकचा कागद, कागदावर माती. महिना-दोन महिन्यांत ताटं मुरतात, त्यांना आंबूस गोड वास सुटतो आणि गाई दावं ताणून मागतात. पण हवा राहिली की तिथं बुरशी धरलीच म्हणून समजा.

मधला भाग कोणीही तुडवावा. भिंतीकडेला मात्र टाच रोवून चालावं लागतं, आणि तो मान घरातल्या वडीलधाऱ्या आबांचा. त्यांच्या ऐन उमेदीत त्या कडेला सुई घालायला फट नसे. आता आबा वाळले होते. हात कापू लागले तसं दूध काढणं सुटलं. नजर गेली तसा बाजार सुटला. कपाटाच्या किल्ल्या मुलानं "तुम्हाला कशाला ताप?" म्हणत गोडीत काढून घेतल्या. उरलं होतं ते एवढंच, वर्षातून एकदा चपला काढून खड्ड्यात उतरणं.

त्या वर्षीही ते उतरले.

"आबा, वर या, चहा निवतोय," मुलानं हाक मारली.

"तूच पी. पायात जोर नाही तुझ्या, नुसता चहा भरलाय."

गोठ्यावरचा गडी खो खो हसला. त्याला सगळे मौनी म्हणत, कारण त्याचं तोंड झोपेतही मिटत नसे. तो गाईंशी बोले, बादल्यांशी बोले. "आबा," तो म्हणाला, "तुम्ही तुडवताय का कुट्टीला फुंकर घालताय?"

सुनेनं त्याच्याकडं असे डोळे वटारले की मौनी चक्क गप्प झाला. तिनं स्वतः पाहिलं होतं. आबांचा पाय उचलला की खालची कुट्टी पुन्हा फुगून वर येत होती, पाखरू उडालं की फांदी वर यावी तशी. संध्याकाळी आपणच एकदा त्या कडेनं फिरून घेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं. पण आभाळ भरून आलं, सगळ्यांची तारांबळ उडाली, मौनीनं कागद ओढून बांधला, तिनं वर माती लोटली आणि ते राहून गेलं.

खड्डा उघडला तेव्हा मधला मुरघास सोन्यासारखा निघाला. भिंतीकडं निळसर पांढरी बुरशी होती. सुनेनं इकडंतिकडं पाहिलं. ओरडावं तर सगळं घर धावत येणार, कुणाची बाजू म्हणून विचारणार, आणि आबांच्या हातून हेही जाणार. तिनं वाईट तेवढं पाटीत भरलं, शेणखड्ड्यात पुरलं आणि बरं दिसलं ते गव्हाणीत टाकलं. असं ती रोज करत राहिली. प्रेमापोटी केलं हो. पण गाईच्या पोटाला ते कसं कळावं?

तांबडी गाय पहिलारू होती, पहिल्यांदाच गाभण. आधी तिनं वैरण सोडली, मग एका सकाळी तिनं दिवस भरण्याआधीच मेलेलं वासरू टाकलं. डॉक्टर आले. गव्हाणीतली मूठ नाकाशी नेऊन त्यांनी फेकून दिली. "बुरशीचं खाल्लंय. खड्डा दाखवा."

मुलानं भिंतीकडं फावडं घातलं आणि काळा लगदा वर आला. "इथं हवा शिरली कशी?"

आबा दाराची चौकट धरून उभे होते. त्यांनी सुनेकडं पाहिलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "त्या कोपऱ्यात कागद सैल होता वाटतं."

तिला वाटलं, कागदावर ढकललं की कुणाला लागणार नाही. पण कागदालाही बांधणारा असतो.

"मौन्या!"

"मी?" मौनी आधी हसला, त्याला ती थट्टाच वाटली. "अहो, चांगला करकचून बांधला होता! वहिनी, तुम्हीच तर माती लोटत होता. सांगा की यांना."

सून आबांकडं पाहत राहिली. "मला आठवत नाही," ती म्हणाली.

"आबा, तुम्ही तरी बोला."

आबांनी घसा खाकरला. "सूनबाई, चहा टाकलास का?"

"वासरू गेलं माझं," मुलगा ओरडला, "आणि तू मला करकचून सांगतोस? उचल बोचकं!"

मौनीनं गोठ्याशेजारच्या खोलीतून आपलं अंथरूण आणि पातेलं आणलं. तांबडीच्या कपाळावरून हात फिरवला. सून भाकरी फडक्यात बांधून मागं धावली.

"ठेवा, वहिनी," तो म्हणाला. "वाटेत बुरशी धरायची."

आणि गेला. पुढं कुठं, ते त्या घरात कोणी विचारलं नाही.

पुढच्या हंगामात नवा गडी आला, कुट्टी पडली आणि आबा चपला काढून पुन्हा भिंतीकडं उतरले. सुनेला वाटलं होतं, ते या वेळी उतरणार नाहीत. ती त्यांच्या मागून टाचा रोवत चालू लागली. आबा थांबले.

"माझ्या बाजूला कशाला येतेस? तू कागदाकडं बघ. मागच्या खेपेला त्यानंच घात केला."

ते खरंच तसं समजून चालले होते की काय, ते तिला त्यांच्या तोंडावरून कळेना. विचारायची तिची छाती झाली नाही. तिनं मान खाली घातली आणि तुडवत राहिली. टाचा सोलल्या तरी थांबली नाही. त्या कडेला आता तीळभर हवा उरली नसेल. पण त्यानं गेलेला माणूस परत येतो थोडाच?

मायबाप, रात्री हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा. कुठल्यातरी परक्या गोठ्यात कुणाच्यातरी गाईंना वैरण घालणाऱ्या त्या गड्याची आठवण काढा. त्या घरात ती कोणी काढत नाही.