उमेळ्याच्या रेडिओची मुकी दुपार

मित्रांनो, मला पाहिलेली माणसं थोडी. पण माझ्यातून गेलेला आवाज वसईतल्या कित्येक घरांच्या स्वयंपाकघरात पोहोचला आहे. उमेळ्यातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रातला मी जुना माईक. केंद्र म्हणजे समाजमंदिराच्या माडीवरच्या दोन खोल्या. भिंतींना काथ्याच्या चटया ठोकलेल्या, दारावर जाड गोधडी; आणि तरीही शेजारच्या वाडीतला कोंबडा अधूनमधून आमच्या बातम्यांत आरवतोच.

माझा जन्म कारखान्यातला. पुढे मुंबईच्या एका दुकानात काचेच्या कपाटात मी बरेच दिवस नुसता बसून होतो. तिथून मला दिनानाथ सावंतांनी आणलं. हे आमचे तंत्रज्ञ. नोकरीतून निवृत्त होऊन नायगावच्या नव्या इमारतीत राहायला आले आणि घरी करमेना म्हणून इथे लागले. रोज सकाळी ते मला मऊ फडक्याने पुसत आणि मग जाळीवर हलकेच टिचकी मारत. ती टिचकी मला फार आवडे.

पण केंद्र चालवायची ती रोवेना. मुंबईतली जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून ती गावच्या रेडिओची व्यवस्थापक झाली होती. तिची कामाची तऱ्हाच वेगळी. कुणी चुकलं तर चारचौघांत बोलायची नाही. कार्यक्रम संपला की चहाचा कप पुढे ठेवायची, रेकॉर्डिंग ऐकवायची आणि विचारायची, "यात तुम्हालाच काय खटकलं?" माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला ती महिन्याच्या पहिल्या तारखेला मानधन द्यायची, मग तो आठवड्यातून एकदाच का येईना. स्वतःचा पगार ती सगळ्यांच्या मागून घ्यायची.

दुपारचे दोन तास गावातल्या बायकांचे. त्यांत सगळ्यांच्या आवडत्या जयवंतीमावशी. नायगावच्या खाडीकाठच्या. लग्नात धवले गाणारी, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी धवलारीण म्हणून त्यांना पंचक्रोशी ओळखायची. 'दुपारचा ओटा' हा त्यांचा कार्यक्रम. सुरुवातीला एक गाणं, मग भरती-ओहोटी, बाजारातली मासळी, कुणाच्या घरी पाचवी, कुणाची नवी सून. सगळं त्या आपल्या घरच्या बोलीत सांगायच्या. इतक्या जवळून बोलायच्या की त्यांच्या तोंडातल्या सुपारीचा वास मला यायचा. मोगऱ्याच्या कळ्या ओवणाऱ्या बायका त्यांच्या आवाजावर दुपार काढायच्या.

मग ती वाईट बातमी आली. केंद्राला पोसणाऱ्या मोठ्या जाहिरातदाराने एकाएकी हात काढून घेतला. खालच्या सभागृहात बारशाची पार्टी होती, म्हणून विश्वस्तांची बैठक माझ्याच खोलीत भरली. अध्यक्ष होते प्लासिडसर, निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन पण काटकसरी माणूस.

"दुपारचं मानधन बंद करू," ते म्हणाले. "या बायका काही नोकरी करत नाहीत, हौसेने येतात. वर्षातून एकदा शाल देऊ, सत्कार करू."

जयवंतीमावशी दाराशी उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "जाऊं दे ना बाय. मना पैशे नको. मी फुकाट बोलंन."

खोलीत सगळ्यांनाच हायसं वाटलं. रोवेना मात्र मावशींकडे वळली.

"मावशी, लग्नात धवले गायला जाता, तेव्हा फुकट गाता?"

"नाय गो. लुगडं देतान, पैशेव देतान."

"मग इथेच तुमचा गळा फुकटचा का?" ती सरांना म्हणाली, "सर, माझा पगार अर्धा करा, माझी हरकत नाही. पण त्यातून सगळ्यांचं भागणार नाही, आणि पैसे न देता मी कुणालाही या माईकसमोर बसवणार नाही. पैसे मिळेपर्यंत दुपार बंद राहील."

मावशींचा चेहरा उतरला. "म्हंजे मनाच काढलास ना शेवटी?" एवढंच बोलून त्या जिना उतरून गेल्या. रोवेना माझ्यासमोर बसून उद्याचं निवेदन लिहू लागली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, पण माझं बटण बंद होतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः निवेदन केलं, "आजपासून दुपारचं प्रसारण बंद. बोलणाऱ्यांना द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत." दिनानाथांनी माझ्यावर फडकं टाकलं. मित्रांनो, ते फडकं स्वच्छ होतं, पण त्याखाली मला माझं कपाटातलं एकटेपण आठवलं.

फोन मात्र खणखणू लागले. "रेडिओ बिघडला काय?" जो तो विचारायचा.

"रेडिओ ठणठणीत आहे," रोवेना सांगायची. "बोलणाऱ्यांचं मानधन बिघडलंय."

प्लासिडसरांच्या घरी तर त्यांच्या पत्नी थेरेसाबाईंनी दुपारचं बोलणंच टाकलं. "रेडिओ गप्प, तर मीही गप्प," म्हणाल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी सर केंद्रावर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "रोवेना, तुझी स्कूटर आहे ना? चल. या बाजारातली निम्मी दुकानं माझ्या विद्यार्थ्यांची आहेत."

ती दोघं वसईभर हिंडली. बेकरीवाला तयार झाला, मंडपवाला झाला. ब्रासबँडचा मालक स्टीवन म्हणाला, "जाहिरात देतो, पण ती जयवंतीमावशींनी वाचायची." छोट्या छोट्या जाहिराती जमल्या. पूर्वीइतका पैसा उभा राहिला नाही. दोन तासांच्या जागी एकच तास परत आला. पण रोवेनाने नियम केला की त्या तासाचे पैसे आधी बोलणाऱ्यांचे, मग केंद्राचे. आणि सर्वांत आधी सही केली ती प्लासिडसरांनी.

मावशींना आणायला ती एकटी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एका दुपारी दार उघडलं, फडकं निघालं आणि मावशी समोर बसल्या. रोवेनाने त्यांच्या हातात पाकीट ठेवलं.

"अजून कुटं बोललंय मी?" मावशी म्हणाल्या.

"या महिन्याचं आगाऊ आहे."

मावशींनी पाकीट कमरेला खोचलं. दिनानाथांनी खूण केली. आणि नेहमीसारखं गाणं न म्हणता त्या माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "ऐकताव ना गो बायांनो? मी जयवंती. हौसेला नाय, आज मी कामाला आलंय."

आता माझा आवाज थोडा खरखरतो. सकाळसाठी नवा माईक आला आहे. दुपारची पाळी अजून माझी. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना पुसा, जपा, ओल लागू देऊ नका. पण 'तुम्हाला आवडच आहे, मग पैसे कशाला?' असं कुणी एखाद्या गाणाऱ्याला, शिकवणाऱ्याला, बोलणाऱ्याला विचारत असेल, तर तिथे तुम्ही गप्प राहू नका.